आधी दप्तर खाली ठेवू द्या : वयात आलेल्या मुलांशी बोलण्याचा क्रम

आमच्या शाळेत घटक चाचणीचे पेपर घरी पाठवतो आणि पालकांची सही घेऊन परत मागवतो. आठवी-नववीत दर वेळी दोन-तीन सह्या खोट्या निघतात. याचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पालकांना बोलावून विचारलं, की प्रत्येक घरातली हकिगत एकाच क्रमाने घडलेली असते. आधी आरडाओरडा, मग व्याख्यान, आणि सगळ्यात शेवटी "आता सांग, असं का केलंस?" तोवर पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभं असतं. उत्तर येत नाही. मग आई-वडील मला सांगतात, "मॅडम, हल्लीची मुलं बोलतच नाहीत हो."

बहुतेक आई-वडिलांचं म्हणणं चुकीचं नसतं, क्रम उलटा असतो. निकाल आधी आणि चौकशी नंतर. म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे. साधारण तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आहे. टप्पे गाळू नका. पहिला तर मुळीच नको, कारण तोच सगळे गाळतात.

१. आधी घराची झडती, मग दप्तराची

याला एक संध्याकाळ लागते. एकट्याने बसा, कागद घ्या आणि गेल्या काही महिन्यांत मुलाने घरात काय पाहिलं ते लिहून काढा. तुम्ही काय सांगितलंत ते नको, त्याला काय दिसलं ते.

नको असलेल्या माणसाचा फोन आला तेव्हा "बाबा आंघोळीला गेलेत म्हणून सांग" असं कोणी म्हणालं का? कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का, आणि तो ओट्याच्या कुठल्या कोपऱ्यात पालथा असतो? त्यांनी खाडा केला तेव्हा घरात काय बोलणं झालं? जेवण झाल्यावर ताटं कोण उचलतं, फक्त मुलगी? एसटीत अर्ध्या तिकिटासाठी तेरा वर्षांच्या मुलाचं वय अकरा सांगितलं होतं, ते तुम्ही विसरलात. तो विसरलेला नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण तर दारातच उभं असतं : स्कूटर. क्लास लांब, रिक्षा परवडत नाही, मुलगा पंधराचा, म्हणून किल्ली दिली जाते. कायद्याने नेहमीच्या स्कूटरला अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळतो तो परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशी पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

पण दंडाच्या भीतीने मी हे सांगत नाही. किल्ली देताना आपण आणखी एक वाक्य बोलतो : "चौकात मामा असतील तर आतल्या गल्लीने जा." नियम मोडला तर चालतं, सापडायचं नाही, हा धडा त्याला आपणच दिला. पेपरवरची खोटी सही हा त्याच धड्याचा गृहपाठ आहे, आणि त्याने तो मन लावून केलाय. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

कागदाच्या दुसऱ्या बाजूला, मुलांत काय यावं असं तुम्हाला वाटतं ते लिहा. यादी पंधरा-वीस गोष्टींची होईल. तीनच ठेवा, बाकी खोडा. आमच्या घरी उरलेल्या तीन अशा : खोटं सांगून सुटायचं नाही. आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं नाही. ज्याला आपल्याला उलट बोलता येत नाही, त्याच्याशी उर्मटपणा करायचा नाही. "मोठ्यांना नमस्कार करावा" ही खोडताना मला जड गेलं, पण खोडली. सगळ्याचाच आग्रह धरला तर मुलांना त्यातलं महत्त्वाचं काय, हे कळत नाही.

मग घरातल्या इतर मोठ्यांशी बोलून घ्या. आजी खोलीत बोलावून शंभराची नोट हातात ठेवते आणि म्हणते, "बाबाला सांगू नकोस हं." प्रेमच असतं ते. पण मोठ्यांपासून लपवायचं कसं याचं शिक्षणही त्यातच होतं. आजीला नोट द्यायला मनाई करू नका, फक्त "सांगू नकोस" एवढं वगळायला सांगा.

*तपासून पाहा :* तुमच्या तीन गोष्टी नवऱ्याला किंवा बायकोला वाचून दाखवा. ज्या गोष्टीवर समोरून हसू येईल, तिथे मुलाचं नाही, तुमचं काम बाकी आहे.

२. वेळ आणि जागा

शाळा आणि वर क्लास करून आलेलं मूल दारात चपला काढत असताना विषय काढू नका. सकाळी साडेसहाला घर सोडलेलं, आता संध्याकाळचे साडेसात. त्याला दप्तर खाली ठेवू द्या, हातपाय धुऊ द्या, काहीतरी खाऊ द्या. यातली निम्मी भांडणं भुकेची असतात.

जेवणाचं ताट समोर असतानाही नको. ताटावरून उठता येत नाही, म्हणून आपल्याला ती वेळ सोयीची वाटते. त्याला ती कोंडल्यासारखी वाटते. काही वर्षांनी असं मूल "मी नंतर जेवतो" म्हणून खोलीत बसायला लागतं, आणि ते कधी सुरू झालं हे कोणाला आठवत नाही.

सकाळची गडबडही वाईटच. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा रात्री उशिरा स्रवायला लागतं. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळच्या शाळेचं मूल सहाला उठवलं, की ते अपुऱ्या झोपेत उठतं. त्या वेळचं उलट उत्तर उद्धटपणात धरू नका.

उलट रात्री, तुम्ही ओटा आवरून दिवा घालवायला निघालात, की हीच मुलं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहतात. "आई, काही नाही, असंच." ते असंच नसतं. कितीही दमला असलात तरी दहा मिनिटं बसा. "उद्या बोलू" म्हटलंत तर तो उद्या उगवत नाही.

बोलायचं समोरासमोर बसून नाही, शेजारी बसून. हातात काम असलं की नजर टाळायची सोय होते आणि जीभ सुटते. माझी मुलगी नववीत असताना आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. खाली वर्तमानपत्र, मध्ये जुडी. अर्धी जुडी झाली तरी अवाक्षर नाही. मग पानाकडे बघतच ती म्हणाली, "आई, समजा एखादीने आपलं चॅट दुसरीला दाखवलं, तर?" माझ्या ओठावर आलं होतं, "कुठली एखादी? नाव सांग." ते गिळलं आणि नुसतं "हं" म्हटलं. दोन-चार देठं मोडून झाल्यावर तिने पुढचं सांगितलं. जुडी संपेपर्यंत सगळं आलं, नावासकट. त्या दिवशीच्या भाजीत देठंच फार होती, कोणी काही बोललं नाही.

शेंगा सोलणं, गिरणीत दळण घेऊन जाणं, इस्त्रीचे कपडे आणणं, गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, काहीही चालतं. दुचाकीवर मात्र हेल्मेटमुळे अर्धं ऐकू येत नाही. तिथे हलकंफुलकंच ठीक.

*सावधान :* "चल, आपण जरा बोलू या" अशी सुरुवात करू नका. हे वाक्य कानावर पडलं, की मूल आतून दार लावून घेतं.

३. बिनकामाचं बोलणं

अवघड विषयाला हात घालण्याआधी निदान दोन आठवडे हा टप्पा करा. एका संध्याकाळी कागदावर रेघा मारत मोजा : तुम्ही मुलाशी एकूण किती वाक्यं बोललात, त्यातल्या सूचना किती, चौकश्या किती, टोमणे किती. मी मोजलं तेव्हा एकतीस वाक्यं झाली. त्यांतली सव्वीस "झालं का", "आवर", "ठेव तो मोबाइल" या जातीची. म्हणजे माझा आवाज तिच्या कानात फक्त कामं लावायलाच जात होता.

"आज काय शिकवलं?" याचं उत्तर "काही नाही" असंच येणार. ते शब्द नका वापरू. आधी स्वतःचं सांगा, तेही स्वतःची फजिती झालेलं : "आज मी फळ्यावर गणित चुकले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने पकडलं." किंवा बारीकसं, हाताला लागेल असं विचारा : "डब्यातली भेंडी कोणी संपवली?" त्यांच्याकडून काहीतरी शिका. फोनमधलं काय अडलंय ते खरंच विचारा, आणि शिकवताना ते जरा चिडले तर चिडू द्या. आपणही त्यांना पाढे शिकवताना काही कमी चिडलेलो नाही.

त्यांची भाषा मात्र बोलायला जाऊ नका. आईच्या तोंडी "ब्रो" आला की मुलांना शरमेने खाली बघावं लागतं.

सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखं वागवावं, असं जुने लोक सांगतात. त्याचा अर्थ लोक काहीतरी भलताच करतात. मुलाला मित्र पुष्कळ आहेत, त्याला आणखी एक नकोय. मित्रासारखं वागवायचं म्हणजे मित्राचा राखतो तेवढा मान राखायचा. पाहुण्यांसमोर त्याच्या मिसरुडाची, तिच्या मुरुमांची थट्टा करायची नाही. आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं बहिणीला फोनवर सांगायचं नाही. हे फार महत्त्वाचं. घरोघरी बोलणं बंद पडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आई स्वयंपाकघरात फोनवर मावशीला सांगते, मावशी लग्नात भेटल्यावर डोळे मिचकावून विचारते, "काय, कोण आहे ती?" त्यानंतर ते मूल आईला काहीही सांगत नाही. आईला कारण कधीच कळत नाही.

४. अवघड विषय : सहा पायऱ्या

उदाहरण खोट्या सहीचंच घेते. नेहमी घडतं ते असं :

"पेपर मिळाले का रे?"
"नाही अजून."
"नक्की?"
"हो, नक्की."
"मग हे काय आहे?"

पालकांना वाटतं, पकडला. पण नीट पाहा. पहिलं खोटं त्याचं होतं, पुढची दोन तुम्ही त्याच्याकडून वदवून घेतलीत. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न हा सापळा असतो, आणि सापळ्यात सापडलेला माणूस पश्चात्ताप करत नाही, पुढचा सापळा ओळखायला शिकतो. म्हणून :

पहिली पायरी, जे माहीत आहे ते सरळ सांगा. "बाईंचा फोन आला होता. गणितात वीसपैकी सहा आहेत. खाली माझी सही आहे, ती मी केलेली नाही." पेपर दप्तर उचकून मिळाला असेल तर तेही सांगा. तिथे तुम्ही लपवालपवी केलीत तर पुढचं सगळं फुकट.

दुसरी, गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मनात वीसपर्यंत मोजा. मध्येच बोललात तर त्याची सुटका होते, आता त्याला फक्त ऐकायचं असतं.

तिसरी, तो बोलू लागला की "हं" आणि "मग?" एवढंच. "का केलंस?" विचारू नका, "काय झालं?" विचारा. "का"ला माणूस सबब देतो, "काय झालं"ला हकिगत सांगतो.

चौथी, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगा. "म्हणजे सहा मार्क पाहून बाबा क्लास बदलतील आणि मग आपले मित्र सुटतील, असं वाटलं?" तो म्हणेल, "तसं नाही..." आणि मग खरं कारण येईल. एका आईला असंच कळलं, की मुलाला धास्ती मार्कांची नव्हतीच. आधीच्या वेळी वडिलांनी पेपर चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, त्याची होती.

पाचवी, आता तुमचं. तीन वाक्यांत. "सहा मार्कांचं आपण बघू. पण माझ्या नावाने तू लिहिलंस, याचा मला त्रास झाला. मला कमी मार्कांचा पेपर चालेल, खोटी सही चालणार नाही." बस. शेजारचा मुलगा नको, "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो" नको, "तू नेहमीच" नको, आणि गेल्या वर्षीची सायकल तर नकोच नको.

सहावी, पुढे काय ते त्यालाच विचारा. चूक कोणाकडे आणि कशी दुरुस्त करायची? शाळेत जाऊन बाईंना सांगणं हे त्याचं काम. तुम्ही फार तर फाटकापर्यंत जा. मार्क आणि खोटं हे दोन वेगळे विषय आहेत, एकाच संध्याकाळी उरकू नका. मार्कांचं दोन दिवसांनी काढा. दोन्ही एकत्र आले की मुलाच्या लक्षात एवढंच राहतं, की मार्क कमी पडले म्हणून मार बसला.

"एवढासा विचार नाही केलास?" असं आपण चिडून विचारतो. खरं उत्तर बहुधा "नाही केला" हेच असतं. स्वतःला आवरणं, परिणामांचा अंदाज घेणं, हे ज्याचं काम आहे तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. यामुळे चूक माफ होत नाही. पण तो विचार मागाहून, तुमच्या शेजारी बसून, करवून घ्यावा लागतो.

आवाज चढायला लागला, तुमचा किंवा त्याचा, तर थांबा. "मी पाणी पिऊन येते, साडेआठला परत बसू." वेळ सांगा आणि पाळा. थांबणं वेगळं, अबोला वेगळा. आपल्याकडे अबोला हा मोठा जुना हुकमी एक्का आहे. तीन-तीन दिवस आई बोलत नाही, निरोप धाकट्याकरवी जातात. चौथ्या दिवशी मूल नमतं खरं. पण पुढे त्याचं कोणाशी बिनसलं, की तेही हेच करणार आहे.

*तपासून पाहा :* बोलणं संपल्यावर आठवा, जास्त वेळ कोण बोललं? तुम्ही असाल, तर ते व्याख्यान झालं. उद्या परत.

५. नियम : थोडे, लेखी, मोठ्यांनाही लागू

दोन ढीग करा. केस, कपडे, खोलीतला पसारा, गाणी हा एक. यात पडू नका. जीव, शाळा, पैसे आणि खरं बोलणं हा दुसरा. इथे नियम हवा आणि तो फ्रिजवर लावलेला हवा.

मोबाइलचंच बघा. रात्री दहाला सगळे फोन हॉलमधल्या एकाच चार्जिंगच्या जागी, असा नियम केला तर बाबांचाही फोन तिथेच आला पाहिजे. बाबा पलंगावर पडून रील बघणार असतील तर नियम करू नका, हसं होतं. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या स्वतःच्या अटींप्रमाणे वय तेरा लागतं. सातवीतल्या मुलाला जन्मसाल खोटं टाकून खातं काढून दिलंत तर पहिला टप्पा परत वाचा. चोरून चॅट वाचू नका. बघायचं असेल तर "मी अधूनमधून तुझ्यासमोर बघेन" असं आधी सांगून बघा, आणि वयाप्रमाणे ते कमी करत जा.

नियम मोडल्याचा परिणाम आधी ठरवा आणि तो त्या चुकीला धरून असू द्या. उशिरा आला, तर पुढच्या वेळी अर्धा तास लवकर. दिवाळीत मामाकडे जाणं रद्द करू नका. त्यात मामाचा काय दोष? महिन्याने एक तारीख ठरवून नियम परत बघा, आणि एखादा सैल करा. मुलं नियमाला तेवढी वैतागत नाहीत, तो कधीच बदलत नाही याला वैतागतात.

६. संस्कार कामातून, आणि प्रश्नांतून

खोटं काम देऊ नका, खरं द्या, ज्यात चुकलं तर घराला कळेल. महावितरणचं बिल दर महिन्याला वाचून गेल्या वर्षीच्या युनिटशी ताडून बघणं. महिन्याची भाजी ठरलेल्या पैशांत आणणं. कोथिंबिरीला जास्त पैसे दिले तर देऊ द्या. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः व्यवहार करण्याचं बचत खातं उघडता येतं, ते काढून द्या आणि पासबुकात नाक खुपसू नका. गणपतीत पाहुण्यांचा चहा मुलाकडे द्या, मुलीकडे नको. ती तो करतेच आहे.

आता खरी परीक्षा. मुलं विचारतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत चौदा वर्षांची मुलगी विचारते, "पाळी आली म्हणून मी नैवेद्याला हात का लावायचा नाही?" आजी ऐकतेय, काकू ऐकतेय. अशा वेळी नव्वद टक्के घरांतलं उत्तर, "आपल्यात असंच असतं, वाद घालू नकोस." मीही हेच उत्तर ऐकून मोठी झाले, आणि एकदा दिलंही.

याऐवजी क्रम असा ठेवा. प्रश्न चांगला आहे हे कबूल करा. मग तुमचं स्वतःचं मत सांगा, शास्त्राच्या किंवा आजीच्या नावावर खपवू नका. "मी पाळत आले, कारण आजीला वाईट वाटेल असं मला वाटायचं. मला स्वतःला ते पटत नाही" किंवा "मला पटतं", जे खरं असेल ते. विचारच केलेला नसेल तर तसं सांगा. मग तिला काय करायचंय ते ऐका, आणि त्याचा घरात काय परिणाम होईल ते दोघी मिळून बघा. आजीशी बोलायचं असेल तर तुम्ही तिच्या बाजूला उभ्या राहा, पण आजीचा अपमान होईल असं बोलू देऊ नका. आधी लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी निदान दोन इथे एकदम कामाला लागतात.

आरक्षण, जात, मांसाहार, आंतरजातीय लग्न या सगळ्यांना हाच क्रम लागू. आपल्या घरात मोठी माणसं जात कशी बोलून दाखवतात हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. वर्गात त्यांच्या शेजारी बसणारा मित्र कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

७. चूक तुमची झाली तर

होणारच आहे. ओरडून झाल्यावर आई सफरचंद कापून खोलीत नेऊन ठेवते, बाबा "जेवायला चल" म्हणतात. मराठी घरातली माफी ती हीच. मुलांना ती कळतेही. पण त्यांना माफी मागायला शिकवायची असेल तर एकदा तरी शब्दांत मागावी लागते : काय केलं ते, ते चुकलं हे, आणि पुढे काय करणार ते. "काल मी तुझ्या मित्रांसमोर ओरडलो. ते चुकलं. पुढे काही बोलायचं असेल तर घरी येऊन बोलेन." पुढे "पण तूही..." जोडलंत की माफी रद्द. "पण" दुसऱ्या दिवशी.

सफरचंद त्यानंतरही न्या.

८. घरात न मावणाऱ्या गोष्टी

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलेलं, मित्र तोडलेले, आवडीचं सगळं सोडलेलं, हातावर कापल्याच्या खुणा किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी भाषा, यातलं काही दिसलं तर वरचे टप्पे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मरणाची भाषा कानावर आली तर थांबू नका, त्याच दिवशी, मुलाला एकटं न सोडता. मरणाचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८. दोन्हींवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मुलालाही आणि तुम्हालाही.

कोणी अंगाला हात लावल्याचं मुलाने सांगितलं, तर पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही." चार नातेवाइकांपुढे परत परत वदवून घेऊ नका. अठराखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आरोपी घरातला असला तरी.

बदल होतोय हे कशावरून ओळखायचं

मूल शहाण्यासारखं वागू लागलं का, हे पाहू नका, त्याला वर्षं लागतात. वाईट बातमी तुम्हाला कोणाकडून कळते, ते पाहा. पूर्वी बाईंच्या फोनवरून कळायची, आता तो स्वतः सांगतो का, तेही तुम्ही विचारायच्या आत? तुमच्याशी वाद घालतो का? घालत असेल तर चांगलं चाललंय. नुसतं "हो आई, हो आई" येत असेल तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

चौथ्या टप्प्यातल्या त्या आईला मी हा क्रम वहीच्या पानावर लिहून दिला होता. पुढच्या चाचणीत मुलाला वीसपैकी नऊ मिळाले. पेपर परत आला तेव्हा त्यावरची सही इतकी वेडीवाकडी होती, की मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "माझीच आहे हो, मॅडम. हात पिठाचे होते. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता कर."